शाळेच्या छपरीतले झुले

२८ जून १९८१, जांभुळटोला

आज शाळेत पालकांची सभा झाली आणि मी, भोजराज सेलोकर, शाळा समितीचा अध्यक्ष झालो. गावात सातवी पास माणसं थोडी, त्यातही सभेत धीटपणे बोलणारी त्याहून थोडी. लोकांना ते ठाऊक असावं. खरं सांगायचं तर मी बोलायला उठलोच नव्हतो. मांडी घालून पाय बधिर झाला होता, तो झटकायला उभा राहिलो, तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "भोजराजभाऊ तयार आहेत जी!" आणि टाळ्या पडल्या. तेजराम पाटीलसुद्धा हसून टाळ्या वाजवत होते. आजवर गावातली प्रत्येक समिती त्यांच्याकडे असायची. ही त्यांनी मोठ्या मनानं मला सोडली.

काम जबाबदारीचं आहे. आमची शाळा चौथीपर्यंतच होती. यंदा पाचवीचा वर्ग मिळाला, पण तात्पुरता. शिक्षण खात्याचे साहेब मधुकर गुरुजींना बजावून गेले आहेत की पोळ्याच्या सुमारास येऊन पाहीन. वर्ग भरलेला दिसला तर राहील, नाहीतर वर्ग जाईल आणि त्यासाठी मिळालेले दुसरे मास्तरही जातील. मग पुन्हा करडीच्या शाळेची वाट. मधे नाला आहे. पावसाळ्यात तो चढला की दोन-दोन दिवस उतरत नाही. मुलगे कसेबसे जातात. मुलीला कोणी धाडत नाही. आमच्या गावची एकही मुलगी चौथीच्या पुढे शिकलेली नाही.

मी सभेत म्हणालो, यंदापासून हे चालणार नाही. आवाज चांगला लागला होता.

४ जुलै

पाचवी सुरू झाली. हजेरीत पहिलं नाव माझ्या कौशल्याचं घालायला सांगितलं. चौथीत ती पहिली आली होती. पाचवीपासून इंग्रजी असतं, त्याचं तिला भारी कौतुक.

संध्याकाळी बघतो तर चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं ए, बी, सी, डी काढून ठेवलेली. भिंत परवाच पोतारली होती. रागावलो. आता आपल्या घरी चार माणसं येणार जाणार.

१३ जुलै

रोवणा जोरात आहे. भाताच्या बांध्या पाण्यानं भरल्या, पऱ्ह्यांची रोपं लावणीला आली, बायका उजाडल्यापासून चिखलात वाकलेल्या. आणि पाचवीच्या वर्गातून मुली एकेक करून दिसेनाशा झाल्या.

गुरुजींना घेऊन घरोघर गेलो. सुलोचनाबाईच्या दारात तिची शोभा धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. सुलोचनाबाई भाकर फडक्यात बांधून निघायच्या बेतात. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला, रोजीवर घर चालतं. मी तिला शिक्षणाचं महत्त्व व्यवस्थित समजावून सांगितलं. ती उभ्या उभ्या सगळं ऐकून घेत होती.

मग म्हणाली, "तुमचं खरं आहे भाऊ. पण या लेकराले कोठी ठेवू? चिखलात?"

"मनावर घेतलं तर सारं होते, बाई."

"तुमच्या घरी कसं करता जी?"

"आमच्या घरी काही अडचण नाही," मी म्हणालो.

गुरुजींनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. मोहाडीच्या विणकरांचं पोर, स्वभावानं मऊ. असं मऊ राहून गाव सुधारत नाही, हे त्यांना एकदा सांगायला हवं.

घरी आलो तेव्हा घसा कोरडा पडला होता. कौशल्यानं धाकट्या भावाला, गोप्याला, कडेवर घेऊनच पाणी आणून दिलं, भात वाढला. गोप्या आता वर्षाचा झाला, पण तिच्यावाचून एक क्षण राहत नाही. पोरगी गुणाची आहे.

१७ जुलै

आज आमच्या बांधीत रोवणा. कौशल्याची माय सगळ्या बायकांच्या पुढे होती. तिचा हात भरभर चालतो. दुपारी कौशल्या शिदोरी घेऊन आली, गोप्याला मोहाच्या झाडाखाली झोका देत बसली. झोका देताना ओठ हलत होते. गाणं म्हणते वाटलं, जवळ गेलो तर इंग्रजी अक्षरं.

"शाळेत केव्हा जाऊ, बाबा?" तिनं विचारलं.

म्हटलं, रोवणा आटपू दे. हुशार आहे, चार दिवसांत भरून काढेल.

१९ जुलै

समितीची बैठक. मुली परत आणण्यासाठी काय करावं यावर कोणी बोलेना. तेजराम पाटील म्हणाले, "रोवण्याच्या दिवसात शाळा म्हणजे लग्नात तेरावं. पोळा झाल्यावर पाहू." त्यांच्या बांध्या शाळेच्या मागेच पसरल्या आहेत, त्यांना माणसं हवीत.

मग मीच उपाय काढला. रोज सकाळी शाळेतल्या पोरांची फेरी काढायची, ढोल घ्यायचा, आणि जिची जागा वर्गात रिकामी आहे तिच्या दारासमोर उभं राहून नावानं हाक मारायची. गावासमोर लाज वाटली म्हणजे आईबाप आपोआप पाठवतील.

गुरुजी म्हणाले, "सगळ्यांच्याच दारात उभं राहायचं?"

"सगळ्यांच्या. समितीपुढं लहानमोठा कोणी नाही."

"बघा हं, भोजराजजी," ते म्हणाले.

म्हटलं, बघितलंच आहे.

२१ जुलै

फेरी फार छान झाली. पुढे मी, मागे ढोल, त्यामागे पोरं. सुलोचनाबाईच्या दारात सगळी एका सुरात ओरडली, "शोभा, शाळेत चल!" सुलोचनाबाई बाहेर आली, आमच्याकडे बघितलं, आणि पोरीच्या कडेवरचं लेकरू ओढून घेऊन तिला म्हणाली, "जाय." शोभा रडत रडत आमच्यात आली. सुलोचनाबाई त्या लेकराला पाठीशी बांधून बांधीकडे गेली.

एक मुलगी परत आली. उपाय लागू पडला.

२३ जुलै

आज आमच्या आळीची पाळी होती. मी पुढे चालत होतो. मागचा ढोल थांबला म्हणून वळून पाहिलं, तर पोरं माझ्याच दारात उभी. मला वाटलं, अध्यक्षाचं घर म्हणून मान देत असतील, किंवा तहान लागली असेल. मी म्हणालो, "पाणी प्या रे, आणि चला."

तेवढ्यात सगळी ओरडली, "कौशल्या, शाळेत चल!"

दारात कौशल्या उभी. कडेवर गोप्या. तो ढोल बघून हात नाचवायला लागला. ती माझ्याकडे बघत होती, पोरांकडे नाही.

"चला पुढं," मी म्हणालो. कोणी हललं नाही. मीच शिकवलं होतं की मुलगी बाहेर येईपर्यंत हलायचं नाही. समोरच्या ओट्यावर सत्यभामाबाई बसली होती. म्हातारी, गावची दाई, जिभेनं तिखट. ती खदखदा हसली. "वाजवा रे, जोरानं वाजवा. अध्यक्षायले कमी ऐकू येते."

मी फेरी तिथंच मोडली.

हे गुरुजींनी मुद्दाम केलं असणार. वरून मऊ दिसतात. उद्या राजीनामा देतो.

२४ जुलै

राजीनामा कोणाकडे द्यायचा ते समजलं नाही. बाहेर पडलो नाही.

२५ जुलै

कौशल्याच्या मायनं, म्हणजे सुमननं, दोन दिवस काही म्हटलं नव्हतं. आज चुलीपुढं मी म्हणालो, "माझी चारचौघात नाचक्की झाली."

"झाली ना."

"गोप्या लहान आहे, तुला रोवण्याला जावं लागते. मग पोरीनं थांबायचं नाही तर कोणी?"

"सुलोचनाच्या दारात हे काहून नाही सुचलं तुमाले?"

मी चुलीतलं लाकूड उगाच पुढं सारलं. ती भाकर उलटवत म्हणाली, "सोमवारी तुमी राहा घरी. मी रोवण्याले जातो, कौशल्या शाळेत जाते. एक दिवस गोप्याले सांभाळून पाहा. मग अध्यक्षगिरी करा."

२७ जुलै

सांभाळलं.

सकाळी सकाळी झोपला, तेव्हा वाटलं यात काय आहे. मग उठला तो दुपारपर्यंत थांबलाच नाही. चुलीतली राख खाल्ली. कोंबडीच्या मागे रांगत गेला. भात भरवला तर थुंकला, नाही भरवला तर रडला. मी त्याला खांद्यावर घेऊन चावडीपर्यंत चालत गेलो, तर तिथं तेजराम पाटील बसलेले. "काय अध्यक्षसाहेब, समितीची बैठक घेऊन राहिले का?" सगळे हसले. गोप्या माझ्या सदऱ्यावर ओकला.

परत येताना सत्यभामाबाईनं हाक मारली. "आण इकडे त्या लेकराले." तिनं पाय लांब केले, त्याला आडवा घेतला, तेल नाही, काही नाही, नुसत्या तळव्यानं छाती-पाठ चोळली. तो गाढ झोपला.

"हात आहे तुमच्याजवळ," मी म्हणालो.

"हात आहे, पण काम कोठी आहे? आता बाया दवाखान्यात जाऊन राहिल्या. मी दिवसभर या भिंतीकडे पाहतो."

संध्याकाळी कौशल्या आली ती नाचतच. वर्गात तिला आणि शोभाला बाकीच्यांच्या मागे बसवलं नाही, पुढे बसवलं म्हणे. मी एवढा दमलो होतो की नीट ऐकलंही नाही.

जेवताना सुमन म्हणाली, "शाळेची छपरी दिवसभर रिकामीच राहते. झुले टांगता येतील तिथं. सत्यभामाबाईसारख्या म्हाताऱ्या तीन-चार तरी आहेत गावात."

मी हं म्हटलं.

अंथरुणावर पडल्यावर मला एकदम कल्पना सुचली. रोवणा असेपर्यंत सगळी लहान लेकरं शाळेच्या छपरीत, म्हणजे वर्गासमोरच्या ओसरीत, ठेवायची, म्हाताऱ्या बाया सांभाळतील, आणि मुली आत वर्गात बसतील. सुमनला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "लय चांगली सुचली," आणि कूस बदलली.

३० जुलै

बायकांशिवाय हे होणार नाही, आणि सभेला बायका येत नाहीत, संध्याकाळी चूल असते. म्हणून गुरुजी म्हणाले, आपण तिकडे जाऊ. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तेजराम पाटलांच्या बांधीवर गेलो. धुऱ्याच्या बांधावर बायका भाकर सोडून बसल्या होत्या, गुडघ्यापर्यंत चिखल.

पाटील छत्री घेऊन धावत आले. "माझ्या बांधीत सभा? कामाचा खोळंबा करता काय जी?"

"जेवण होईपर्यंतच," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज एवढा ठाम मी पहिल्यांदा ऐकला.

मी कल्पना मांडली. बायका भाकर मोडत राहिल्या. मग सुलोचनाबाई हात धुऊन उठली. "भाऊ, तुमी माह्या दारात ढोल वाजवला. त्या दिवशी मी लेकराले पाठीशी बांधून रोवणा केला. वाकलं की ते डोक्यावर येई. दिवसभर रडलं. तुमी विचाराले आले का मंग?"

नव्हतो गेलो. तसंच सांगितलं. चुकलं म्हणालो. एवढ्या बायकांसमोर म्हणताना कान तापले, पण म्हणून झाल्यावर बरं वाटलं.

"मंग आता झुल्याचं बोला," ती म्हणाली.

मग सगळ्याच बोलायला लागल्या. अंगावर पिणाऱ्या लेकराचं काय? दुपारी आया येऊन पाजतील, शाळा जवळच आहे. पाटील म्हणाले, कामातून उठून जायचं नाही. सुमन म्हणाली, "लेकरू बांधीवर असलं का दर घडीले उठावं लागते. तिथं असलं का दुपारीच एकदा. तुमचाच फायदा जी, पाटील." पाटील हिशेब करत राहिले. नको म्हणाले नाहीत.

मग एक बाई हळूच म्हणाली, "पण कोणाचं लेकरू कोणाजवळ निजवाचं?" सगळ्यांच्या नजरा भाकरीवर गेल्या. ही गोष्ट आमच्या गावात अशीच असते, बोलत कोणी नाही, पाळतात सगळे.

सत्यभामाबाई आमच्यामागे कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. "साऱ्यायच्या नाळा म्याच कापल्या," ती म्हणाली. "तवा कोणी विचारलं नाही, हात कोणाचा आहे अन् कोणाले लागून आला."

तो विषय पुन्हा कोणी काढला नाही. गुरुजींना मात्र धास्ती. शाळेत तान्ही लेकरं ठेवायचा नियम नाही, साहेबांनी पाहिलं तर उलटच व्हायचं. मी म्हणालो, समितीचा ठराव आहे, जबाबदारी माझी. बोलून तर गेलो.

३ ऑगस्ट

पहिला दिवस. गोंधळ. जुन्या लुगड्यांचे झुले टांगले, त्यातला एक सुटला, नशीब रिकामा होता. एक लेकरू रडलं की सगळी रडतात. गुरुजींनी भूगोल शिकवायला घेतला, कोणाला ऐकू जाईना. सुलोचनाबाईचं पोर रांगत वर्गात शिरलं आणि शोभाच्या पाटीवर बसलं.

पण आज पाचवीत सगळ्या मुली होत्या.

११ ऑगस्ट

लिहायचं मन नाही. तरी लिहितो.

आज दुपारी गोप्या शाळेमागच्या बोडीपर्यंत रांगत गेला. सत्यभामाबाई दुसऱ्या लेकराला पाणी पाजत होती, बाकीच्या दोघी पेंगल्या होत्या. कौशल्यानं वर्गातून मान वळवली, छपरीत गोप्या दिसला नाही. ती न विचारता उठली आणि धावली. बोडी पावसानं काठोकाठ भरलेली. तो काठावरच्या चिखलात बसून पाण्यावर हात मारत होता.

तिनं त्याला उचललं तेव्हा तो हसत होता. ती मात्र अजून बोलत नाही.

गावभर झालं. संध्याकाळी तीन घरच्या बायका येऊन आपापले झुले सोडून घेऊन गेल्या. सत्यभामाबाई आमच्या दारात आली, आत आली नाही, उभी राहून रडली आणि गेली. तिला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

मी ठरवलं आहे, उद्यापासून कौशल्या घरी. पाचवी गेली तर गेली. पोरगं आहे तर सगळं आहे.

१२ ऑगस्ट

सकाळी कौशल्यानं आपणहूनच गोप्याला कडेवर घेतलं आणि कोपऱ्यात बसली. दप्तर खुंटीला. मला तेच हवं होतं, आणि तरी तिच्याकडे बघवेना.

सुमन आंघोळ करून आली. तिनं पोरीच्या कडेवरचा गोप्या घेतला, दप्तर काढून तिच्या हातात दिलं.

"कोठी चालली?" मी विचारलं.

"शाळेत."

"काल काय झालं ते विसरली काय?"

"रातभर डोळ्याले डोळा नाही माझा," ती म्हणाली. "पण काल त्याले वाचवलं ते पोरीनं. ती तिथं होती म्हून. आज आपण नाही गेलो तर उद्या कोणीच नाही जात. तुमी अध्यक्ष आहात ना? मग कुंपण बांधा. घरी बसून भेव कायले राखता?"

मी मागोमाग गेलो. छपरीत सत्यभामाबाई नव्हती. सुमन तिच्या घरी गेली आणि गोप्याला तिच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "चला बाई, उशीर होऊन राहिला." म्हातारीनं आधी हात मागे घेतले. मग घट्ट धरलं.

आम्ही येईपर्यंत छपरीत सुलोचनाबाई आपलं पोर घेऊन उभी होती.

१६ ऑगस्ट

रविवार. कुंपण बांधलं. बांबू कुठून आणायचे हा प्रश्न होता, तर तेजराम पाटलांनी बैलबंडी भरून पाठवले. वर निरोप, "बाया निवांत काम करून राहिल्या, खंड पडू नये." मनात काहीही असो, बांबू चांगले होते.

मोठी मजा म्हणजे पुरुषमाणसं आली. आजवर शाळेची पायरी न चढलेलीसुद्धा. बांबू चिरले, ताटवे विणले, छपरीला तिन्ही बाजूंनी लावले. गुरुजींचे हात तर असे चालत होते की सगळे बघत राहिले. घरचा धंदाच विणण्याचा. मी त्यांना म्हणालो, "गुरुजी, त्या दिवशी फेरी माझ्या दारात तुम्हीच थांबवली ना?"

"मी?" ते म्हणाले. "मी तर पोरांना सांगून ठेवलं होतं, अध्यक्षांचं घर सोडून द्या म्हणून. त्यांनी ऐकलं नाही."

इतके दिवस मी त्यांच्याविषयी काय काय समजून बसलो होतो.

२६ ऑगस्ट

साहेब आले. नाल्याला पाणी असल्यामुळे जीप पलीकडे ठेवून चपला हातात घेऊन आले, त्यामुळे आधीच वैतागलेले. छपरीत पाहतात तर ओळीनं झुले, एक लेकरू ताटव्याला धरून उभं, एक म्हातारीच्या पाठीवर.

"ही शाळा आहे की पाळणाघर?"

गुरुजींचा चेहरा पांढरा पडला. मी भाषण पाठ केलं होतं. "माननीय महोदय," म्हणालो, आणि पुढचं एक अक्षर आठवेना.

दुपारची वेळ. बायका पाजायला आल्या होत्या, चिखलाच्या पायानं अंगणात थांबल्या. माझी फजिती बघून सुलोचनाबाई पुढे आली. पदर नीट करून म्हणाली, "साहेब, ते माहं लेकरू. ते इथं आहे म्हून त्याची बहीण आत आहे. ते घरी राहिलं तर तीही घरी राहीन."

साहेब आत गेले. आम्ही दाराशी. त्यांनी एका मुलीला उभं केलं, ती शोभा निघाली. फळ्यावर काहीतरी इंग्रजीत लिहून वाच म्हणाले. ती अडखळली, पुन्हा सुरू केली, पूर्ण वाचलं. मागून एक मुलगी न विचारताच म्हणाली, "मी पण वाचू?" ती आमची कौशल्या. मग सगळ्याच हात वर करायला लागल्या.

साहेब बाहेर आले. झुल्यांकडे बघितलं. "हे नियमात बसत नाही," ते म्हणाले. गुरुजींनी मान खाली घातली. "पण मी पाचवीचा वर्ग बघायला आलो होतो, आणि वर्ग भरलेला आहे. मी तेवढंच कळवीन." मग मला विचारलं, "कल्पना कोणाची?"

मी म्हणालो, "समितीची."

सुमन पदर तोंडाला लावून हसत होती. एवढं हसण्यासारखं त्यात काय होतं, कळलं नाही.

२९ ऑगस्ट

पोळा. बैल रंगवले, तोरणाखाली नेले. अजून वरून काही कळलं नाही. सत्यभामाबाईनं छपरीतल्या प्रत्येक लेकराच्या हातात करंजीचा तुकडा दिला.

१७ सप्टेंबर

गुरुजी मोहाडीहून सायकलीवर आले, चिखलानं भरलेले, शाळेपर्यंत न जाता सरळ आमच्या बांधीवर. मी निंदणाला होतो. दुरूनच ओरडले, "राहिली! पाचवी राहिली! पुढच्या वर्षी सहावी मागा म्हणाले!"

मी धुऱ्यावर बसलो. सुमन म्हणाली, "असे काय करता? उठा." पण तीही बसली.

२७ जून १९८२

सहावी मिळाली. आज नव्या समितीची सभा. यंदा बायका आल्या, चूल लवकर आटपून. अध्यक्ष कोण, म्हणताच सत्यभामाबाई मागून म्हणाली, "सुलोचना." टाळ्या पडल्या. मी वाट पाहिली, कोणी माझं नाव घेईल. कोणी घेतलं नाही. मला समितीत ठेवलं आहे.

लागलं थोडं. खोटं कशाला लिहू. वाटेत सुमन म्हणाली, "तुमी चांगलं काम केलं जी." एवढंच. पण तिनं असं याआधी कधी म्हटलं नव्हतं.

१२ जुलै १९८२

सुलोचनाबाईनं पहिलाच नियम केला तो असा की, म्हाताऱ्या बाया एकट्याच कायले? रोवण्याच्या दिवसात एकेक बापही पाळीनं छपरीत बसेल. मी म्हणालो, हे जरा जास्त होते. ती म्हणाली, "बरं झालं बोलले. पहिली पाळी तुमची."

आज बसलो. गोप्या आता पळतो, त्याच्यामागे धावण्यात सकाळ गेली. दुपारी सगळी झोपली. एक लेकरू माझ्या मांडीवर, हलायची सोय नाही. आत सहावीचा वर्ग चालू होता. कौशल्या मोठ्यानं धडा वाचत होती. तिचा आवाज मी घरात रोज ऐकतो, पण असा सलग, कोणी हाक न मारता, कोणी मधे न थांबवता, कधी ऐकला नव्हता. ती कुठं श्वास घेते, कुठं घाई करते, हे आज कळलं.

ताटव्याबाहेर कोणीतरी खाकरलं. तेजराम पाटील. मला वाटलं, आता गावभर सांगणार. मांडीवरच्या लेकरावर पंचा ओढला.

ते हसले नाहीत. इकडे तिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "भोजराज, माही नात घरात एकटीच कुढते गा. सून म्हणते, साऱ्यायचे लेकरं इकडे खेळून राहिले. तिले कवापासून आणू?"

मी म्हणालो, "ते मले विचारून नाही चालत, पाटील. अध्यक्षीणबाईला विचारा."

"ती कोठी आहे?"

"तुमच्याच बांधीत रोवणा करून राहिली."

पाटलांनी बांधीकडे पाहिलं. मग धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि चिखलातून तिच्याकडे चालत गेले.